थेपल्यातला धर्म



आमच्या बँकॉक सहलीचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. मी एका फळाबद्दल लिहिणार आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

तिथल्या बाजारात एका फळवालीने मँगोस्टीनची जाड जांभळी साल दाबून फोडली आणि आतल्या पांढऱ्याशुभ्र फोडी आमच्यापुढे धरल्या. गटातल्या एका नव्या सूनबाईने हात पुढे केला, तोच मागून काकू म्हणाल्या, "ठेव ते! अनोळखी फळ अभक्ष्य असतं." पोरीने हात मागे घेतला. फळवालीचं तोंड एवढंसं झालं. आपल्या बगिच्यात आंबिया बहाराचं संत्रं सोलून दिलं आणि पाहुण्याने असा हात झटकला, तर वरूडच्या माणसाला काय वाटेल?

त्याच संध्याकाळी चौविहाराआधी काकूंनी खोलीत थेपले वाटले. घरून आणलेले, तीन दिवसांचे.

काकूंचं शास्त्र खोटं नाही. बावीस अभक्ष्यांत अजाण फळ आहेच. पण चलित रसही त्याच यादीत आहे, आणि ओलसर पोळी रात्र उलटली की वासी होते हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. मग शिळा थेपला धर्माचा आणि डोळ्यांदेखत फोडलेलं फळ अधर्माचं, हे कसं? अजाण म्हणजे ज्याचं नाव-गुण ठाऊक नाही ते. विचारलं, पाहिलं, की ते अजाण राहत नाही. मँगोस्टीन तर आपल्या कोकमाच्या कुळातलं. पपई, सीताफळ, मिरचीसुद्धा कधीकाळी अमेरिकेतून आली. कुणीतरी पहिल्यांदा विचारूनच ती ताटात घेतली असेल ना?

"परदेशात सगळं चालतं" म्हणणारे मला त्याहून कमी पटतात. थायलंडमध्ये साध्या भाजीतही नाम प्ला पडतं, म्हणजे मासे मुरवून काढलेलं पाणी. नुसतं "मांस नको" सांगून भागत नाही. पण त्यासाठी तिथल्याच भाषेत शब्द आहे, "जे". पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. त्या स्वयंपाकात मांस, मासे, अंडी, दूध नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो! मुळा-बटाटा मात्र चालतो, तेवढं वेगळं विचारावं लागतं. दरवर्षी साधारण ऑक्टोबरात नऊ दिवस तिथले कितीतरी लोक हेच जेवतात.

आणि आम्ही? सोबत नेलेल्या महाराजांकडून पाच दिवस कच्च्या केळ्याची पावभाजी खाल्ली. हॉटेलपासून दोन गल्ल्यांवर पिवळा झेंडा फडकत होता.

मी आणि ती सूनबाई चौथ्या दिवशी गुपचूप तिकडे गेलो. टोफू, मशरूम नको, पालेभाजी आणि भात. मशरूम आम्ही बोट दाखवून काढायला लावले, मालकीणबाई हसल्या. काकूंना अजून सांगितलेलं नाही. आता त्या इथे वाचतील.

पुढच्या सहलीची यादी फिरते आहे. त्यात थेपले माणशी चाळीस लिहिलेत. माझे धरू नका.