डोक्याला मार लागलाय, झोपू द्यावे का?

डोक्याला मार लागला की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो, "झोपू देऊ नका." मग चहा पाजून, हलवून जखमीला रात्रभर जागे ठेवतात. आमचे मत स्पष्ट आहे: जागरण हा उपचार नाही. झोपेने मेंदूत रक्तस्राव होत नाही आणि जागे राहिल्याने तो थांबतही नाही.

या समजुतीमागे एक कारण मात्र आहे. कवटीच्या आत रक्त साचत असतानाही काही जखमी सुरुवातीला नीट बोलतात आणि काही तासांनी बेशुद्ध होतात. घरच्यांना वाटते, झोप लागली. खरा धोका इथे आहे.

म्हणून आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. त्यांनी घरी पाठवले तर खुशाल झोपू द्यावे, पण पहिले २४ तास कोणीतरी सोबत राहावे. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके, असंबद्ध बोलणे, हातापायातली ताकद जाणे, नाका-कानातून रक्त किंवा पाणी येणे, उठवूनही नीट जागे न होणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर ताबडतोब १०८ ला फोन करावा. वृद्धांना आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना मार किरकोळ वाटला तरी दाखवावेच.

परांचीवरून पडलेल्या मजुराला "घरी जाऊन झोप" म्हणणारा मुकादम आणि रस्त्यात पडलेल्याला "प्यायलाय, पडू दे" म्हणणारे आपण, दोघेही एका जिवाशी खेळतो. दारूचा वास आला म्हणून डोक्याला मार लागलाच नाही, असे होत नाही. त्याला आधी दवाखान्यात न्या.