खोक्यावरचा आकडा आणि अवजारावरचा बोल्ट



कोरडवाहू शेतीत पैशाहूनही महाग वस्तू कोणती असेल तर ती वाफसा. पाऊस पडून गेला, जमीन पेरणीजोगी झाली, की कपाशी-ज्वारीवाल्याच्या हाती मोजके दिवस असतात. अशा वेळी कल्टिव्हेटरचा गंजलेला बोल्ट सुटत नाही म्हणून ट्रॅक्टर तालुक्याच्या वर्कशॉपसमोर रांगेत उभा राहिला, तर त्या दिवसाची किंमत कोणत्याही बिलात दिसत नाही. ती सुगीला उताऱ्यात दिसते. म्हणून दुरुस्तीचे हत्यार घरी असणे हा चैनीचा विषय नाही. तो उत्पादनखर्चाचा विषय आहे.

हे आता दुकानदारांनाही कळले आहे. बॅटरीवर चालणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर आज तालुक्याच्या प्रत्येक हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला आहे आणि मोबाइलवर तर जाहिरातींचा पूर आहे. एकाच्या खोक्यावर 48 लिहिलेले, दुसऱ्याच्या 88, तिसऱ्याच्या त्याहून मोठे. बियाण्याच्या पिशवीवरचे चित्र पाहून बियाणे घेऊ नये हे आपण ठेचा खाऊन शिकलो. हत्याराच्या बाबतीत तोच धडा पुन्हा पैसे मोजून शिकण्याचे कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच: हत्यार आपल्या बोल्टावरून निवडा आणि त्याचा हिशेब बॅटरीवरून करा.

आधी हे यंत्र काय करते ते पाहू. साधे ड्रिल नुसते फिरते. स्क्रू अडला की ते आपले मनगट पिरगाळते. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या पोटात स्प्रिंगवर बसवलेली एक छोटी घणी असते. स्क्रू अडला की ही घणी मागे सरकते आणि पुढच्या दांड्यावर फिरत्या दिशेने ठोके घालते, मिनिटाला तीन हजारांच्या आसपास. लोहार घण मारतो तसेच हे, फक्त सरळ न मारता पिळाच्या दिशेने. त्यामुळे अडलेले सुटते आणि मनगटाला हिसका बसत नाही. मोटारसायकलच्या मिस्त्रीकडे हातोडीने ठोकायचा जो इम्पॅक्ट ड्रायव्हर असतो, त्याचाच हा वीज भरलेला भाऊबंद.

पण भावाभावांतही फरक असतो. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या तोंडाला पाव इंची षटकोनी भोक असते. त्यात स्क्रूचे बिट बसते. हे यंत्र मुळात स्क्रूचे आहे. गोठ्यावर पत्रे ठोकायचे, दाराच्या बिजागऱ्या बसवायच्या, लोखंडी चौकटीला फळ्या मारायच्या, यात त्याला तोड नाही. दुसरे यंत्र इम्पॅक्ट रेंच. त्याच्या तोंडाला चौकोनी दांडा असतो, बहुधा अर्धा इंची, आणि त्यावर नटाचा सॉकेट बसतो. हे यंत्र नट-बोल्टाचे आहे. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी असतात, दिसायला सारखी असतात आणि विकणारा दोन्हींना एकच नाव घेतो. घरी आणल्यावर मग कळते की पत्र्यासाठी आणले ते चाकाला चालत नाही.

ताकदीचा आकडा न्यूटन मीटरमध्ये लिहिलेला असतो. मीटरभर लांब दांड्याच्या टोकाला साधारण पंधरा किलोचे ओझे टांगले की जेवढा पीळ पडतो, तो झाला सुमारे 150 न्यूटन मीटर. बऱ्या कंपनीचा 18 व्होल्टचा इम्पॅक्ट ड्रायव्हर 150 ते 200 पर्यंतचा दावा करतो, आणि तोही कमाल दावा, कायमचा जोर नव्हे. आता बोल्ट पाहा. डोक्यावर 8.8 कोरलेला 12 मिलिमीटरचा बोल्ट नीट आवळायला 80 ते 90 लागतात, 16 मिलिमीटरच्याला 200 च्या आसपास. आणि आवळण्यापेक्षा गंज खाल्लेला सोडवणे नेहमीच जड. याचा अर्थ सरळ आहे. ज्याचे काम गोठा, दारे, खिडक्या आणि लहान बोल्ट एवढेच आहे, त्याने ड्रायव्हर घ्यावा. ज्याच्या दारात ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, पलटी नांगर आहे, त्याने अर्धा इंची रेंच घ्यावा. ड्रायव्हरला जोडतुकडा लावून मोठे नट सोडवायला गेलात तर आधी जोडतुकडा तुटेल, मग उमेद.

व्होल्टच्या आकड्यात तर उघड फसवणूक चालते. लिथियमचा एक सेल नावाला 3.6 व्होल्टचा असतो. पाच सेल ओळीने जोडले की 18 होतात. पूर्ण भरल्यावर तोच सेल 4.2 पर्यंत चढतो आणि पाचांचे 21 होतात. म्हणजे एका खोक्यावर 18, दुसऱ्यावर 20 आणि तिसऱ्यावर 21 असले तरी आत बॅटरी एकाच जातीची. आणि 48 किंवा 88 लिहिलेल्या स्वस्त खोक्याचा चार्जर उलटा करून पाहा. त्यावर ‘आउटपुट 21 व्होल्ट’ लिहिलेले सापडले, तर आत पाचच सेल आहेत हे समजून चाला. काट्यावर दांडी मारणारा व्यापारी आणि खोक्यावर आकडा फुगवणारा कारखानदार यांच्यात आम्हाला फार फरक दिसत नाही.

खरा खर्च बॅटरीचा. यंत्राची मोटार वर्षानुवर्षे चालते. बॅटरी काही वर्षांत थकते, मग ती वापरा किंवा नुसती ठेवा. म्हणून दुकानात तीन भाव वेगवेगळे विचारा: नुसत्या यंत्राचा, नुसत्या बॅटरीचा आणि चार्जरचा. समजा, दोन बॅटऱ्यांची किंमत मिळून यंत्राएवढीच भरते. तर तुम्ही यंत्र नव्हे, बॅटरीच विकत घेत आहात. तीच बॅटरी पाच वर्षांनी तालुक्याला मिळेल का, हा प्रश्न ताकदीच्या आकड्याच्या आधी विचारा. बॅटरीवरचे व्होल्ट गुणिले अँपिअर-तास हा तिचा खरा साठा: 18 व्होल्ट आणि 4 अँपिअर-तास म्हणजे 72 वॉट-तास. तुलना याच आकड्याने करा.

कार्बन ब्रशची मोटार घ्यावी की ब्रशलेस? ब्रशलेस एका भरणीत जास्त काम देते, कमी तापते, ब्रश बदलावे लागत नाहीत. पण आतली पाटी जळली तर गावचा मोटार बांधणारा तिला हात लावू शकत नाही. ब्रशवाली तो उघडून देतो. रोजचे काम असेल तर ब्रशलेस, महिन्यातून चार वेळचे असेल तर ब्रशवाली पुरते, असे आमचे मत. आणि ज्याचे सगळे काम गावठाणात वेल्डिंगच्या शेजारीच होते, त्याने वायरवाला रेंच जरूर पाहावा. त्याला थकणारी बॅटरीच नाही. मात्र शेतात सॉकेट नसतो, हे विसरू नये.

चार गोष्टी जीव सांभाळण्याच्या. रेंचवर चकचकीत हातसॉकेट लावू नका, ठोक्यांनी तो फुटून तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काळे इम्पॅक्ट सॉकेटच घ्या आणि चष्मा लावा. कापूस पिकवणाऱ्याला कानात बोळा घालणे सोपे वाटेल, पण या आवाजाला तो पुरत नाही. कानाचे खरे झाकण घ्या. चाकाचे नट यंत्राने बसवले तरी शेवटची आवळणी हाताच्या पान्याने करा. पंपाच्या स्टार्टरचे आणि मीटरच्या पेटीचे स्क्रू या यंत्राने पिळू नका, प्लास्टिक तडकते.

आणि पाचवी सर्वांत मोठी. बॅटरी भरायला बहुतेक कंपन्या 35 ते 40 अंशांची मर्यादा सांगतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्यावर जातो, पत्र्याखाली विचारूच नका. उन्हाळ्यात पहाटे चार्ज करा. आणि ज्या खोलीत कापसाची गंजी किंवा शेजारी कडबा आहे तिथे चार्जर कधीही लावू नका. वर्षाची कमाई एका ठिणगीला सोपवायची नसते.

सरकारचाही हिशेब मांडू. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर आणि बहुतेक शेती अवजारांवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. ते ठीकच झाले. पण त्याच अवजाराचा बोल्ट सोडवणाऱ्या विजेच्या हातहत्यारावर 18 टक्के कायम आहे. कारखानदार तो कर परताव्यात वळता करून घेतो. शेतकरी तो खिशातून भरतो. नांगर शेतीचा आणि नांगराचा पाना मात्र चैनीचा, हा कोणता न्याय?

शेवटी एक सूचना, जी पुढच्या बैठकीत गावागावाने बोलावी. प्रत्येक घराने वेगळ्या कंपनीची बॅटरी घेतली तर गावात दहा चार्जर आणि दहा निरुपयोगी डबे होतील. चार घरांनी बसून एकाच जातीची बॅटरी ठरवावी: एकाने ड्रायव्हर घ्यावा, दुसऱ्याने रेंच, तिसऱ्याने ड्रिल, चौथ्याने पाते-कापणी. पेरणीच्या दिवशी एकाची बॅटरी संपली तर दुसऱ्याची चालेल. बैल सावडीने जोडणाऱ्या गावाला हे नवे नाही. दुकानात जाण्याआधी बांधावर जा, आपल्या अवजारांचे बोल्ट मोजा, मापे कागदावर लिहा आणि तो कागद दुकानदारासमोर ठेवा. मग तो खोक्याचा आकडा दाखवणार नाही. तुमच्या आकड्याला उत्तर देईल.