बीरगांवच्या मुलांची शिकवणी कोणाच्या खर्चाने?

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत बीरगांव वसलेले आहे. आज त्याला स्वतंत्र महानगरपालिका आहे. परंतु या वस्तीचे खरे स्वरूप घडविले ते शेजारच्या उरला औद्योगिक क्षेत्राने आणि पलीकडच्या सिलतरा येथील पोलादी भट्ट्यांनी. रोलिंग मिल व स्पंज आयर्नच्या कारखान्यांत राबणारे हात छत्तीसगडच्या खेड्यांतून आणि शेजारच्या राज्यांतून आलेले आहेत. त्यांतील फार मोठा भाग ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहे. मराठी वाचकाला हा मुलूख परका वाटण्याचे कारण नाही. 1956 पर्यंत नागपूर आणि रायपूर एकाच राज्यात होते, आणि मुंबई-हावडा लोहमार्गाने ही दोन्ही शहरे आजही जोडलेली आहेत. बीरगांवचा प्रश्न हा भोसरीचा, बुटीबोरीचा आणि भिवंडीचाही प्रश्न आहे.

प्रश्न असा आहे: कामगाराचे मूल शाळेत जाते, पण वर्गात मागे पडते, त्याला पुढे आणण्यासाठी जी जादा शिकवणी लागते, तिचा खर्च कोणी करावयाचा?

मागे पडण्याची कारणे

मूल मागे पडते ते त्याच्या बुद्धीत काही उणे आहे म्हणून नव्हे. घरात छत्तीसगढी, ओडिया किंवा भोजपुरी बोलणारे मूल शाळेत पुस्तकी हिंदीला सामोरे जाते. बाप रात्रपाळीला आणि आई मजुरीला गेली की धाकट्या भावंडांचा सांभाळ थोरल्या मुलीकडे येतो आणि तिची शाळा सर्वांत आधी बुडते. हंगामाला कुटुंब गावी परतले की महिना-दोन महिने पाठ चुकतात. एकदा वाचनाची घडी विस्कटली की पाचवीचे गणितही उमगत नाही, कारण गणिताचे उदाहरणही आधी वाचावेच लागते. 2020 च्या मार्चपासून करोनामुळे शाळा बंद राहिल्या, तेव्हा ही दरी आणखी रुंदावली. छत्तीसगडमध्ये त्याच वर्षी ‘पढ़ई तुंहर दुआर’ ही योजना सुरू झाली आणि शिक्षकांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांत वर्ग घेतले. मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शिक्षकाने त्याच्यापर्यंत जाणे शक्य आहे, हे या शिक्षकांनी प्रत्यक्ष करून दाखविले.

मध्यमवर्गीय पालक अशा वेळी शिकवणी लावतो. केंद्र सरकारच्या 2025 सालच्या शिक्षणविषयक पाहणीनुसार देशातील 27 टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणी घेत होते किंवा त्या वर्षी घेऊन चुकले होते. शहरी भागात हे प्रमाण 30.7 टक्के होते. शहरी भागात दर विद्यार्थ्यामागे शिकवणीचा सरासरी वार्षिक खर्च 3,988 रुपये निघाला. याचा अर्थ उघड आहे. शाळेची फी माफ झाली, तरी शाळेबाहेर दुसरी फी उभी राहिली आहे. जो ती भरतो त्याचे मूल पुढे जाते आणि जो भरू शकत नाही त्याच्या मुलाला ‘कच्चे’ ठरविले जाते.

निम्मी सवलत कोणाच्या कामाची?

यावर हल्ली एक तोडगा वारंवार सुचविला जातो. गरीब मुलांसाठी लहान गटांची शिकवणी असावी, ती एखाद्या संस्थेकडे वा कंपनीकडे सोपवावी, सरकारने खर्चाचा काही भाग द्यावा आणि उरलेला शाळेने किंवा पालकाने भरावा. यातील लहान गटाची कल्पना निःसंशय योग्य आहे. मतभेद आहे तो पैसा आणि ठेका या दोन बाबतींत.

हा प्रयोग ब्रिटनमध्ये मोठ्या प्रमाणावर झाला. करोनानंतर, 2020 च्या नोव्हेंबरात, इंग्लंडमध्ये राष्ट्रीय शिकवणी कार्यक्रम सुरू झाला. शिकवणी-संस्थांमार्फत तीन-तीन मुलांपर्यंतचे गट शिकविले जात आणि सरकार आरंभी 75 टक्के खर्च सोशीत असे. 2021-22 मध्ये कार्यक्रम रँडस्टॅड या मनुष्यबळ पुरविणाऱ्या डच कंपनीच्या हाती दिला गेला. शिकवणीत 65 टक्के मुले वंचित घरांतील असावीत असे उद्दिष्ट होते. ते 2022 मध्ये मोडीत काढण्यात आले. त्याच वर्षी कंपनीचा करार पुढे न चालविता पैसा थेट शाळांना देण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. पुढे सरकारी वाटा 2022-23 मध्ये 60 आणि 2023-24 मध्ये 50 टक्क्यांवर आला. 2024 च्या उन्हाळ्यात कार्यक्रमच संपला.

या अनुभवाचा धडा स्पष्ट आहे. सवलत निम्मी असेल तर उरलेला निम्मा भाग भरण्याची ऐपत ज्या शाळेत आहे तिथेच शिकवणी पोहोचते. सर्वांत गरीब शाळा मागेच राहते. आणि मधला ठेकेदार मुलांची संख्या मोजतो, त्यांची गरज मोजत नाही. उरल्याच्या कामगाराला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मजुरीचा पैसा ठेकेदाराच्या हातून येताना वाटेत किती झिजतो, हे तो दर महिन्याला पाहतो.

मुंबईच्या बालसखी

लहान गटाची शिकवणी परिणामकारक ठरते, याचा पुरावा शोधायला परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. 2001 ते 2003 या काळात मुंबई आणि बडोदा येथील पालिका शाळांत ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी कार्यक्रमाची शास्त्रीय तपासणी झाली. वस्तीतीलच एक शिकलेली तरुणी शाळेच्या वेळेत, मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वाचन आणि अंकगणित शिकवीत असे. मुलांच्या गुणांत ठळक सुधारणा दिसून आली. महागडी पुस्तके किंवा यंत्रे नसतानाही, मुलाची पातळी ओळखून तेथूनच शिकविले की फरक पडतो, हे सिद्ध झाले.

मात्र या यशाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. त्या काळी बालसखीला महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. तामिळनाडूने 2021 मध्ये ‘इल्लम तेडी कल्वी’ ही संध्याकाळच्या वर्गांची योजना सुरू केली, तेव्हा तेथील स्वयंसेवकांना महिन्याला एक हजार रुपये देऊ करण्यात आले. या तरुणींच्या निष्ठेबद्दल आदर बाळगूनच म्हटले पाहिजे की कष्टकऱ्यांच्या मुलींच्या अर्धपोटी श्रमांवर कष्टकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण उभे करणे हा न्याय नव्हे.

कायदा काय सांगतो

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. याच कायद्याच्या कलम 24 नुसार प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता तपासून आवश्यक तेथे जादा शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. कलम 28 नुसार त्याला खाजगी शिकवणी करण्यास मनाई आहे. 2019 च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना दिली. पण त्याआधी जादा शिकवणी आणि फेरपरीक्षेची संधी देण्याचे बंधनही घातले. तेव्हा जादा शिकवणी हे कोणाचे औदार्य नाही. तो मोफत शिक्षणाचाच भाग आहे आणि त्यासाठी पालकाकडून रुपयाही मागता येणार नाही. नापास करण्याचा अधिकार तत्परतेने वापरायचा आणि शिकविण्याचे कर्तव्य मात्र ‘निधी नाही’ म्हणून टाळायचे, हे चालू देता कामा नये.

निधी नाही हे तरी खरे आहे काय? 2004 पासून देशात शिक्षणासाठी उपकर घेतला जातो. 2018-19 पासून आयकरावर 4 टक्के आरोग्य व शिक्षण उपकर आहे. उपकराच्या रकमेतून राज्यांना हक्काचा वाटा मिळत नाही. कंपनी कायद्याच्या कलम 135 खाली मोठ्या कंपन्यांना नफ्याचा 2 टक्के भाग सामाजिक कामांवर खर्च करावा लागतो आणि त्यात शिक्षणाचा समावेश आहे. पण तो कोठे आणि कसा खर्चावा हे कंपनीच ठरविते. 1882 मध्ये महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले होते: सरकारी तिजोरी रयतेच्या घामाने भरते आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांसाठी होतो.

खर्चाचा हिशेब

आता रक्कम किती लागेल ते पाहू. समजा, बीरगांवच्या एका शाळेत 60 मुले मागे पडलेली आहेत. सहा-सहा मुलांचे दहा गट केले आणि प्रत्येक गटाला आठवड्यातून तीन तास दिले, तर एकूण तीस तास होतात. दोन शिक्षकांना प्रत्येकी पंधरा तास. प्रत्येकी दरमहा 10,000 रुपये मानधन धरले तर दहा महिन्यांचे 2,00,000 रुपये, म्हणजे मुलामागे वर्षाला सुमारे 3,333 रुपये पडतात. शहरी भागातील शिकवणीच्या सरासरी खर्चापेक्षा हा आकडा कमी आहे. उरलेल्या फरकात वह्या-पुस्तके आणि मुलांची न्याहारी भागू शकेल. न्याहारीचा खर्च अनावश्यक मानू नये. उपाशी मूल संध्याकाळी शिकत नाही.

वाट पाहायची की वर्ग चालवायचा?

येथे कार्यकर्त्यांपुढे खरा पेच उभा राहतो. संघटनेने स्वतः वर्ग चालविला तर सरकार सुटते. चालविला नाही तर यंदा पाचवीत असलेली मुले हातची जातात. हा पेच छत्तीसगडच्याच कामगारांनी पूर्वी सोडविला आहे. दल्लीराजहरा येथे 1977 मध्ये स्थापन झालेल्या छत्तीसगड माईन्स श्रमिक संघाने कामगारवस्त्यांत मुलांसाठी शाळा काढल्या आणि 1983 मध्ये शहीद रुग्णालय उभारले. संघर्ष आणि निर्माण ही तेथे एकाच चळवळीची दोन अंगे होती. त्या संघटनेच्या राजकीय भूमिकेविषयी मतभेद असू शकतील. तिच्या या कामापासून शिकण्यास ते आड येऊ नयेत.

म्हणून वर्ग सुरू करावा. पण तो शाळेच्या आवारात, शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने आणि मुली दिवसाउजेडी घरी परततील अशा वेळी. गटात कोण येणार हे वाचनाच्या तपासणीवरून ठरावे, ओळखीवरून नव्हे. जमाखर्च आणि हजेरी दर महिन्याला पालकांच्या सभेत वाचून दाखवावी. सहा महिन्यांनी तोच हिशेब घेऊन महानगरपालिका आणि शिक्षण विभागाच्या दारी जावे आणि शिक्षकांचे मानधन, जागा व न्याहारी शासनाने आपल्या अंदाजपत्रकात घ्यावी, अशी मागणी करावी. शाळेतल्या शिजविलेल्या अन्नाचेही असेच झाले. काही राज्यांपुरता मर्यादित असलेला तो कार्यक्रम 28 नोव्हेंबर 2001 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने देशभरच्या मुलांचा हक्क बनला.

भट्टीत वितळणारे लोखंड ज्यांच्या घामाने आकार घेते, त्यांच्या मुलांना वाचता येण्यासाठी वर्षाला साडेतीन-चार हजार रुपये लागतात. ते देण्याचे दायित्व कोणाचे, हे बीरगांवच्या पालकांनी पुढच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत विचारावे आणि उत्तर लेखी मागावे.