मध घेतलेल्या तीस मुलांचं काय झालं?

जंतनाशक गोळीचा दिवस, म्हणजे 10 फेब्रुवारी, जवळ आला की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज फिरू लागतो. पपईच्या बिया वाटून मधातून द्या, सात दिवसांत जंत साफ, विज्ञानानेही मान्य केलंय. त्याला कलौंजीची हदीस जोडलेली आणि शेवटी 'सवाब की नीयत से आगे भेजो'. यंदा सातवीतल्या एका मुलीच्या अम्मीने मला कळवलं, "टीचर, उसको गोली मत देना. घर में शहद-कलौंजी चालू है."

विज्ञानाचं नाव घेताच ना, मग ते विज्ञान पूर्ण वाचू या. ही चाचणी नायजेरियातली, 2007 साली प्रसिद्ध झालेली. शौचात परजीवी सापडलेली 60 मुलं घेतली. तिसांना वाळलेल्या पपईबियांची पूड मधातून दिली, उरलेल्या तिसांना नुसता मध. सात दिवसांनी पुन्हा तपासणी झाली. पहिल्या गटात 23 मुलं साफ, दुसऱ्यात फक्त 5. मेसेज पाठवणारे 23 चा आकडा सांगतात आणि 5 चा गिळतात. अहो, त्या चाचणीत मध हे औषध नव्हतंच, तो तुलनेसाठी ठेवला होता!

पपईच्या बियांचं काय? आकडा आशादायक आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण मुलं मोजकी, परजीवी नाना प्रकारचे, आणि अल्बेंडाझोल दिलेला गट तुलनेला नव्हताच. एवढ्यावरून संशोधकांनी मोठी चाचणी करावी. आपण आपल्या पोरीची गोळी बंद करू नये.

जडीबुटीशी माझं वैर नाही. किरमाणी ओवा आपल्याकडच्या हकीम-वैद्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जंतांवर दिला. त्याच जातकुळीच्या झुडपाच्या कळ्यांतून 1830 मध्ये सँटोनिन वेगळं काढलं गेलं आणि पुढे शंभरेक वर्षं डॉक्टरही ते देत होते. मात्रा थोडी चढली की रोग्याला सगळं पिवळं दिसायचं, झटकेही यायचे. अधिक सुरक्षित औषधं आली तसं ते मागे पडलं. 'वनस्पती आहे, अपाय काय होणार' म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता दीनची बाजू. मधात शिफा आहे यावर माझाही ईमान आहे. पण मध खा आणि गोळी टाळा, असं कुठे आलंय? इलाज करा, असंही प्रेषितांनी (स.) सांगितलं, ती हदीस कुणी फॉरवर्ड करत नाही. इब्न सीनांनी 'कानून'मध्ये औषध पारखण्याचे नियम घालून दिले. परिणाम पुन्हा पुन्हा दिसला पाहिजे आणि माणसावर दिसला पाहिजे; घोड्यावर किंवा सिंहावर दिसून भागत नाही. इब्न खल्दून तर स्पष्ट लिहितात की प्रेषित (स.) शरीयत शिकवायला आले होते, वैद्यक नव्हे. हे दोघे काय पाश्चात्त्यांचे एजंट होते?

गोळीही सर्वगुणसंपन्न नाही. गोल जंतांवर ती उत्तम चालते, व्हिपवर्मवर एका डोसात बरीच कमी पडते. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण कुणीतरी मोजलं. कलौंजीच्या मेसेजमध्ये कुणी काय मोजलंय?

आणि हूकवर्म तोवर वाट पाहत नाही. तो आतड्याला चिकटून रक्त पितो. वयात येणाऱ्या, आधीच रक्त कमी असलेल्या मुलींना ते कसं परवडेल? ही मुलगी तिसऱ्या तासालाच बाकावर डोकं टेकते. जंतांमुळेच, असं मी म्हणणार नाही. रक्त तपासून घ्या, असं मात्र तिच्या अम्मीला फोन करून सांगितलं. म्हटलं, शहद सकाळी खुशाल द्या, गोळी मी शाळेत देते. "इसके अब्बा को पूछके बताती," त्या म्हणाल्या. राहिलेल्या मुलांना गोळी द्यायचा दिवस पुढच्या आठवड्यात आहे. तिचं नाव मी यादीत ठेवलंय.