कोशकर्त्या आपट्यांची शाळा

संस्कृत शिकणाऱ्या घरांत ‘आपटे’ हें आतां माणसाचें नांव राहिलेलें नसून ग्रंथाचें नांव झालें आहे. ‘आपटे काढून पाहा’ असें वडील मुलास सांगतात, तेव्हां फडताळांतील एक जाड पुस्तक खालीं येतें. तें लिहिणारा गृहस्थ कोण, कोठला, पोटासाठीं काय करीत होता, हें विचारण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. पुष्कळांची तर अशी समजूत असते कीं, कोणी वृद्ध शास्त्री जन्मभर ओसरीवर बसून शब्द वेंचीत राहिला असावा. वस्तुस्थिति अगदीं निराळी आहे. वामन शिवराम आपटे वारले तेव्हां अवघ्या चौतीस वर्षांचे होते, आणि त्यांच्या कर्तेपणाचीं सारीं वर्षें एक खाजगी शाळा, व पुढें तिच्याच पोटीं जन्मास आलेलें कॉलेज, चालविण्यांत गेलीं. कोश झाला तो त्या कामांतून उरलेल्या वेळांत.

येथें एक खुलासा केलेला बरा, कारण त्या काळच्या पुण्यांत नामांकित आपटे एकाहून अधिक होते. १८८८ सालीं आनंदाश्रम स्थापन करणारे ते महादेव चिमणाजी आपटे. त्यांचे पुतणे हरि नारायण आपटे हे कादंबरीकार. आमचे आपटे या दोघांहून निराळे.

त्यांचा जन्म १८५८ सालीं सावंतवाडी संस्थानांत झाला. आईबापांचें छत्र लहानपणींच हरपलें. शिक्षण कोल्हापुरास झालें, आणि तेथील हायस्कुलाचे हेडमास्तर महादेव मोरेश्वर कुंटे, म्हणजे ‘राजा शिवाजी’ काव्याचे कर्ते, यांची दृष्टि या पोरक्या मुलावर गेली. हेडमास्तराची दृष्टि एखाद्या मुलावर जाणें म्हणजे काय, हें ज्याच्या आयुष्यांत तसें घडलें असेल त्यालाच कळेल. १८७३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत आपट्यांनीं संस्कृताची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति मिळविली. पुढें डेक्कन कॉलेजांत जर्मन पंडित कीलहॉर्न यांच्या हाताखालीं त्यांचा अभ्यास झाला. १८७७ सालीं ते बी. ए. व १८७९ सालीं एम्. ए. झाले. त्या दिवसांत एम्. ए. झालेले लोक फार थोडे असत, आणि अशा माणसास सरकारी शिक्षणखात्याचें दार उघडें असे. आपटे त्या दारानें आंत गेले नाहींत.

१८८० च्या जानेवारींत विष्णुशास्त्री चिपळूणकर व बळवंतराव टिळक यांनीं बुधवार पेठेंतील मोरोबादादांच्या वाड्यांत न्यू इंग्लिश स्कूल उघडलें. माधवराव नामजोशी त्यांस मिळाले, आगरकर एम्. ए. ची परीक्षा आटोपून पुढच्या वर्षीं आले. आपटे पहिल्याच वर्षीं शाळेंत दाखल झाले आणि तिचे सुपरिंटेंडेंट झाले. ‘केसरी’ निघण्यापूर्वीं जें जाहीरपत्रक निघालें, त्याखालींहि चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी व डॉ. गर्दे यांच्या बरोबरीनें आपट्यांची सही आहे. तथापि त्या मंडळींतील इतरांचीं चरित्रें आपल्याकडे घरोघर माहीत आहेत, आणि आपट्यांचें नाहीं. याचें कारण शोधण्यास लांब जावयास नको. शाळा काढणें व शाळा चालविणें या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. पहिलीस निबंध लागतो, सभा लागते, आवेश लागतो. दुसरीस वेळापत्रक, हजेरीपट आणि फीचें पुस्तक लागतें. पहिलीचा इतिहास होतो. दुसरीची फार तर दप्तरांत नोंद राहते.

आणि खाजगी शाळा चालविणें त्या काळीं किती कठीण होतें, याची कल्पना आजच्या वाचकांस एकदम येणार नाहीं. सरकारी हायस्कुलाच्या मागें खजिना होता. तेथें एखाद्या वर्षीं निकाल वाईट लागला तर मास्तरांची बदली होई. शाळा बंद पडत नसे. न्यू इंग्लिश स्कुलास प्रारंभीं सरकारी मदत नव्हती. वाड्याचें भाडें, शिक्षकांचा पगार, बांकें, फळे, सर्व कांहीं मुलांच्या फीमधून निघावयाचें. मुलें यावयाचीं तीं पालकांचा विश्वास बसला तर. आणि पालक विश्वास ठेवणार तो मॅट्रिकच्या यादीवर. विष्णुशास्त्र्यांची लेखणी कितीहि तिखट असो, मुलगा नापास झाला तर बाप त्याचें नांव काढून सरकारी शाळेंत घालणार, यांत संशय नव्हता. आज ‘निकालाच्या मागें लागलेली शाळा’ हे शब्द निंदेचे झाले आहेत, आणि पुष्कळ ठिकाणीं ती निंदा योग्यहि आहे. परंतु आपट्यांच्या शाळेस निकाल म्हणजे स्वातंत्र्याचें भाडें होतें. तें दरसाल भरलें तरच कोणाच्या तोंडाकडे न पाहतां शिकवितां येणार होतें. हें भाडें त्यांनीं चोख भरलें. पहिल्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थी तीनशेंच्या वर गेले, आणि १८८४ च्या सुमारास संख्या हजारांच्या घरांत पोंचली.

मधलें १८८२ साल मात्र असें आलें कीं, दुसरी एखादी संस्था त्यांत बुडाली असती. मार्च महिन्यांत विष्णुशास्त्री वारले. त्यांचें वय बत्तीसहि पुरें नव्हतें. त्यांच्या निधनावर हरिभाऊ आपट्यांनीं विद्यार्थिदशेंतच ‘शिष्यजनविलाप’ हें काव्य लिहिलें, यावरून मुलांच्या मनास केवढा धक्का बसला तें दिसतें. जुलैंत कोल्हापूर प्रकरणाच्या अब्रूनुकसानीच्या खटल्यांत टिळक व आगरकर या दोघांस चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि ते डोंगरीच्या तुरुंगांत गेले. तेथील एकशें एक दिवसांची हकीकत आगरकरांनीं स्वतः लिहिलेली आहे, व ती सर्वांनीं वाचण्यासारखी आहे. परंतु ते एकशें एक दिवस शाळेंत कसे गेले, याची हकीकत कोणी लिहिली नाहीं. गणिताचा एक मातबर शिक्षक नाहीं, इंग्रजीचा नाहीं, संस्थापक तर जगांतच नाहीं. शाळेचे चालक तुरुंगांत, अशी बातमी घरोघर गेलेली. आणि परीक्षा जवळ येत चाललेली. सुपरिंटेंडेंटचें वय चोवीस. घंटा रोज वेळेवर होत गेली, एवढेंच या काळाचें वर्णन करतां येईल. पण ज्यानें शाळा चालविली आहे त्यास तेवढें पुरे.

त्याच वर्षीं डॉ. हंटर यांचें शिक्षण कमिशन मुंबई इलाख्यांत आलें. शाळेच्या वतीनें कमिशनपुढें साक्ष दिली ती आपट्यांनीं. खुद्द हंटर यांनीं शाळा पाहिली, आणि सरकारी मदतीवांचून चाललेली अशी संस्था आपण हिंदुस्थानांत दुसरी पाहिली नाहीं, अशा आशयाचा अभिप्राय दिला. या अभिप्रायाचा उल्लेख त्या मंडळींच्या चरित्रांत नेहमीं येतो. तो मिळाला तेव्हां शाळेचा कारभार कोणाच्या हातीं होता, हेंहि त्याबरोबर सांगितलें जावें, एवढीच माझी अपेक्षा.

आतां त्यांच्या शिकविण्याविषयीं. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला, पण संस्कृत माझ्या घरचें. आणि त्या विषयाचा शिक्षक म्हणून इतकें खात्रीनें सांगू शकतों कीं, संस्कृत वाचणें आणि संस्कृत लिहिणें यांत दोन नद्यांचें अंतर आहे. रूपें पाठ असलेला मुलगा रघुवंशाचा अर्थ लावील. पण त्यास ‘मी वाघाला भितों’ हें संस्कृतांत लिहावयास सांगा, तो मराठीच्या ओघांत ‘व्याघ्रं बिभेमि’ असें लिहून मोकळा होईल. तेथें पंचमी हवी, ‘व्याघ्रात्’. मराठींत आपण दुसऱ्यावर रागावतों. संस्कृतांत राग चतुर्थींत जातो, ‘तस्मै क्रुध्यति’. मराठींत ‘रामाबरोबर’ म्हटलें कीं भागतें. तिकडे ‘सह’ घातल्यावर राम तृतीयेंत बसलाच पाहिजे. उलट ‘रुच्’ धातूची चतुर्थी मराठी मुलास मुळींच अवघड जात नाहीं, कारण लाडू आपल्यालाहि ‘मला’च आवडतो. अशा जागीं मुलें कोठें अडखळतात आणि कोठें नाहीं, हें पाणिनि वाचून कळत नाहीं. त्यासाठीं वह्या तपासाव्या लागतात.

आपट्यांनीं १८८१ सालीं, म्हणजे शाळेच्या दुसऱ्याच वर्षीं, संस्कृत वाक्यरचनेवर विद्यार्थ्यांसाठीं मार्गदर्शक म्हणून एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. कर्त्याची व क्रियापदाची जुळणी, विभक्तींचे उपयोग, अव्ययें, अशा क्रमानें त्यांत धडे आहेत. प्रत्येक नियमाखालीं कालिदास, भवभूति, बाण यांच्या ग्रंथांतून घेतलेलीं वाक्यें, आणि शेवटीं भाषांतरासाठीं उतारे. नियम शास्त्र्यांचा, उदाहरण कवीचें, आणि चूक विद्यार्थ्याची अपेक्षिलेली, असा तिपेडी पीळ त्या पुस्तकास आहे. सव्वाशें वर्षें उलटून गेलीं तरी तें अद्याप छापलें जातें. वह्यांचे गठ्ठे ज्यानें घरीं नेले नाहींत, अशा पंडिताच्या हातून तें पुस्तक झालें नसतें, असें माझें स्पष्ट मत आहे.

कोशांचेंहि तेंच. १८८४ सालीं त्यांचा इंग्रजी-संस्कृत कोश निघाला, आणि १८९० सालीं मोठा संस्कृत-इंग्रजी कोश, शिवाय विद्यार्थ्यांसाठीं त्याची लहान आवृत्ति. त्याआधीं संस्कृताचे कोश नव्हते असें नाहीं. सेंट पीटर्सबर्गचा बोथलिंक व रोथ यांचा प्रचंड जर्मन कोश होता, मोनियर विल्यम्स यांचा १८७२ चा होता, कलकत्त्यास तारानाथ तर्कवाचस्पतींचें ‘वाचस्पत्यम्’ नुकतेंच पुरें झालें होतें. पण पुण्याच्या मुलानें जर्मन कोठून आणावें? आपट्यांनीं वेदांतील शब्दांचा पसारा बहुतांशीं बाजूस ठेविला आणि काव्य, नाटक, शास्त्रग्रंथ यांवर भर दिला. एका शब्दाचे दहा अर्थ असतील तर दहांना अनुक्रमांक दिले, आणि कोणता अर्थ कोणत्या ग्रंथांत येतो तें बहुधा अवतरणासह दाखविलें. कोणी म्हणेल, वेद वगळलेला कोश अपुराच. पंडिताच्या दृष्टीनें तें खरें आहे. पण उद्यां सकाळीं ज्यास वर्गांत उभें राहून शाकुन्तलाचा अर्थ सांगावयाचा आहे, त्यास आदल्या रात्रीं काय लागतें, हें या कोशकर्त्यास ठाऊक होतें. शेवटीं जोडलेलें छंदःशास्त्राचें परिशिष्टहि त्याच माहितगारीची साक्ष देतें.

याच दहा वर्षांत शाळेचें रूप पालटलें होतें. २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें, आणि आपटे त्याचे पहिले प्रिन्सिपॉल झाले. त्या वेळीं त्यांचें वय सत्ताविसाच्या आंतबाहेर. गोपाळराव गोखले याच वर्षीं शाळेंत शिक्षक म्हणून आले. आजीव सभासदांचें वेतन किती असावें, त्यांनीं बाहेरचें काम करावें कीं नाहीं, यांवरून पुढें जे वाद माजले आणि ज्यांची अखेर १८९० सालीं टिळकांच्या राजीनाम्यांत झाली, ते सर्वश्रुत आहेत. ते येथें उगाळण्याचें कारण नाहीं. मित्र मित्रांपासून तुटत असतां कॉलेजचे वर्ग चालू ठेवावयाचे, आणि रात्रीं मुद्रितें तपासावयाचीं, हें प्रिन्सिपॉलांच्या वांट्यास आलें, इतकें ध्यानांत ठेविलें म्हणजे झालें. मोठा कोश नेमका त्याच वर्षाचा आहे.

दोनच वर्षांनीं, ९ ऑगस्ट १८९२ रोजीं, ते वारले. त्यांच्या जागीं आगरकर प्रिन्सिपॉल झाले, आणि तेहि १८९५ सालीं गेले. बारा वर्षांपूर्वीं एका वाड्यांत एकत्र आलेल्या त्या तरुणांपैकीं विष्णुशास्त्री, आपटे व आगरकर या तिघांपैकीं एकानेंहि चाळिशी पाहिली नाहीं.

कोश मात्र वाढत राहिला. १९५७ ते १९५९ या काळांत परशुराम कृष्ण गोडे व चिंतामण गणेश कर्वे यांनीं त्याची सुधारलेली व वाढविलेली आवृत्ति पुण्यास तीन खंडांत काढली. हे कर्वे म्हणजे ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे एक संपादक. आतां तर जर्मनींतील कोलोन विद्यापीठानें १८९० चा मूळ कोश आणि ही वाढविलेली आवृत्ति, दोन्ही संगणकावर कोणासहि विनामूल्य पाहतां येतील अशीं ठेविलीं आहेत. कीलहॉर्न पुण्याहून परत गेले ते गटिंगेनच्या विद्यापीठांत. त्यांच्या शिष्याचें काम त्याच देशांत असें जाऊन पोंचलें. आमच्या घरीं नातवंडें तेथेंच शब्द पाहतात, आणि अवतरण पुरतें समजलें नाहीं म्हणजे फडताळांतील जाड पुस्तक पुन्हां खालीं काढावें लागतें.