सहा वर्षे कमी की जास्त?



"बाई, राहू द्या, तुम्हाला नाही जमणार. मी करतो." आपल्या स्टाफरूममध्ये हे वाक्य आठवड्यातून किती वेळा ऐकू येतं, जरा आठवून पाहा. यूडायसची माहिती भरायची असो की शालार्थचं काम, तिशीतला शिक्षक पन्नाशीतल्या शिक्षकाच्या हातून माउस काढून घेतो. हेतू चांगलाच असतो. मीही हे केलेलं आहे, म्हणून लिहितो.

माझ्या आधीच्या शाळेत सहावी-सातवीला गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. वय ५२. अपूर्णांक शिकवावेत तर त्यांनीच. प्रशिक्षणाचं पत्र आलं की मुख्याध्यापक तरुणांची नावं पाठवायचे. एकदा बाईंनी स्वतःहून विचारलं, तर उत्तर मिळालं, "तुमची सहाच वर्षं राहिलीत, कशाला दगदग?" पुढे वर्गात स्मार्ट बोर्ड बसला आणि बाईंना तो चालवता येईना. तेव्हा हेच लोक म्हणाले, "जुन्या लोकांना नवीन काही येत नाही." आता येणार कसं? शिकायची संधी आपणच काढून घेतली होती ना!

आणि मग १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा टीईटीचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त सेवा शिल्लक असेल, तर दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. पाचपेक्षा कमी असेल तर नोकरी राहील, पण बढती हवी तर परीक्षा द्यावीच लागेल. म्हणजे बघा, प्रशिक्षणाला पाठवायला सहा वर्षं फार कमी होती आणि परीक्षेला बसवायला तीच सहा वर्षं पुरेशी ठरली.

परीक्षा घेणं म्हणजे वयावरून भेदभाव, असं मी म्हणत नाही. मुलांना पात्र शिक्षक मिळायलाच हवा आणि नियम तरुणांनाही आहे. पण २०१० च्या आधी, त्या वेळच्या नियमांप्रमाणे लागलेल्या माणसाला दीडशे प्रश्न आणि अडीच तास यांच्यासमोर बसवायचं, तर आधी त्याला तयारीची वाट करून द्यायला नको का? अभ्यासासाठी चार दिवस मोकळे, एखादं मार्गदर्शन शिबिर, एवढं तर शाळा आणि संस्था करू शकतात.

खासगी नोकरीत तर आणखी अवघड. "उमेदवार ३५ वर्षांखालील हवा" अशी जाहिरात आपण सहज वाचून पान उलटतो. आपल्या संविधानाच्या कलम १६ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान वगैरे कारणांवरून सरकारी नोकरीत भेदभाव करायला मनाई आहे, पण त्या यादीत वय नाही. अमेरिकेत चाळीस आणि त्यापुढच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ पासून वेगळा कायदा आहे.

हां, दुसरी बाजूही सांगतो. "माझं वय झालं" म्हणत निवडणुकीचं, परीक्षेचं, सगळं काम नवीन शिक्षकावर ढकलणारे ज्येष्ठही मी पाहिलेत. त्यांच्यामुळे शिकायला तयार असलेल्यांचं नुकसान होतं.

पालकांनाही एक विचारायचं आहे. जूनमध्ये "आमच्या मुलाला त्या नवीन मॅडमच्या तुकडीत टाका" असा आग्रह धरताना तुम्ही शिकवणं पाहिलेलं असतं की वय?

त्या बाईंना परवा भेटलो. टीईटीचं गाईड घेतलंय, पण त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. मी विचारलं, कव्हर कशाला? म्हणाल्या, "अरे, मुलांनी नाव वाचलं तर विचारतील, बाई, तुमची पण परीक्षा आहे का?"