पहारा वायूवर, पाणी वस्तीत

१५ डिसेंबर २०२४ रोजी ‘चिडो’ चक्रीवादळ मोझांबिकच्या उत्तर किनाऱ्यावर, पेंबा शहराच्या दक्षिणेला मेकुफी इथे धडकले. त्यात सुमारे १२० माणसे गेली. पुढच्या दहा दिवसांत राजधानी मापुतो निवडणूक निकालावरून पेटली आणि नाताळच्या दिवशी तिथल्या तुरुंगातून दीड हजारांहून अधिक कैदी पळाले. पहिली घटना हवामानाच्या बातम्यांत गेली, दुसरी राजकारणाच्या. मोझांबिकचे सरकार आणि त्याला पैसा पुरवणारे देशही असाच विचार करतात: पूर-वादळाचे काम एका खात्याचे, बंदोबस्ताचे दुसऱ्या. ही विभागणीच त्या देशाला महागात पडते आहे, असे माझे मत आहे. बैरा किंवा पेंबासारख्या किनारी शहराच्या वस्तीत राहणाऱ्या माणसाला पुरापासून वाचवणाऱ्या गोष्टी आणि हिंसेपासून वाचवणाऱ्या गोष्टी बऱ्याच अंशी एकच आहेत: उपसलेला नाला, हातातले ओळखपत्र, चालू असलेला दवाखाना आणि ज्याच्या शब्दावर घर सोडावेसे वाटेल असा सरकारी माणूस. या गोष्टी रोज मिळत नसतील, तर ऐन संकटात बाहेरून आणलेली मदत आणि बाहेरून आणलेले सैन्य दोन्ही तोकडी पडतात.

सुरक्षेच्या नावाने या देशाने काय विकत घेतले, ते आधी पाहू. २०१३-१४ मध्ये तीन सरकारी कंपन्यांनी दोन अब्ज डॉलरहून अधिक कर्ज उचलले. किनाऱ्याची टेहळणी, गस्ती नौका आणि टूना मासेमारीचा ताफा ही त्याची कारणे सांगितली होती. त्यातले बरेचसे कर्ज संसदेपासूनही लपवले गेले. २०१६ मध्ये ते उघड झाले, तेव्हा आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने आणि देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाला मिळणारी थेट मदत थांबवली. माजी अर्थमंत्री मानुएल चांग यांना २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवण्यात आले. त्या टेहळणीचा उपयोग किती झाला? ऑक्टोबर २०१७ मध्ये काबो देल्गादो प्रांतातल्या मोसिंबोआ दा प्राया या बंदराच्या गावी सशस्त्र बंडखोरांनी पहिला हल्ला केला आणि ऑगस्ट २०२० मध्ये ते बंदरच ताब्यात घेतले. मार्च २०१९ मध्ये ‘इडाई’ वादळ बैरावर आदळले तेव्हा तिजोरी रिकामी होती. सहाशेहून अधिक माणसे मेली. शहराचा ९० टक्के भाग उद्ध्वस्त झाल्याचा रेड क्रॉसचा प्राथमिक अंदाज होता. पुनर्बांधणीसाठी ३.२ अब्ज डॉलर लागतील असा हिशेब निघाला आणि देणगीदारांच्या बैठकीत आश्वासने मिळाली १.२ अब्जांची. दरम्यान नाणेनिधीकडून ११.८ कोटी डॉलरचे नवे कर्ज घ्यावे लागले. ज्यांनी घरे गमावली त्यांच्याच डोक्यावर आधीच्या नौकांचे कर्ज आणि त्यावर हे नवे कर्ज, अशी ही सुरक्षा. याचा संताप यायलाच हवा.

काबो देल्गादोतल्या पेंबात पूर आणि हिंसा हे दोन्ही प्रश्न एकाच वस्तीत येऊन भिडतात. २०१७ पासूनच्या संघर्षात सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली आणि एका टप्प्यावर विस्थापितांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली. त्यांतले कितीतरी लोक होड्यांत बसून पेंबाच्या पाकितेकेते वस्तीच्या किनाऱ्यावर उतरले. ही वस्ती आधीच दाट, समुद्राला लागून असलेली आणि सखल. सुमारे दोन लाखांच्या या शहराने लाखाहून अधिक माणसे सामावून घेतली. बहुतेकांना आसरा मिळाला तो छावण्यांत नव्हे, तर नातेवाइकांच्या आणि परक्यांच्याही घरांत. या यजमानांचे पुरेसे कौतुक कुणी केलेले नाही. पण एका घरात वीस माणसे राहू लागली तरी नळ, संडास आणि नाले होते तेवढेच राहिले. साहजिकच पटकी पसरली. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. गाव जळाले तेव्हा कागदपत्रेही जळाली. कागद नसलेला तरुण तपासणी नाक्यावर संशयित ठरतो, मुलाचे नाव शाळेत घालणे अवघड होते, मदतीच्या यादीत नाव येत नाही. त्यात यादी करणाराच भ्रष्ट असेल तर? ‘इडाई’नंतर काही स्थानिक पुढाऱ्यांनी अन्नाच्या बदल्यात स्त्रियांकडून शरीरसुखाची मागणी केल्याचे ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवले आहे. असे अनुभव गाठीशी असलेली माणसे पुढच्या वादळात त्याच पुढाऱ्याच्या सांगण्यावरून घर सोडतील, किंवा बंडखोरांची खबर त्याच्या कानावर घालतील, ही अपेक्षा धरणेच चूक आहे. विश्वास तुटला की काय होते, याचा पुरावा शेजारच्या नांपुला प्रांतात मिळाला. एप्रिल २०२४ मध्ये पटकीच्या अफवेने घाबरलेले लोक लुंगाहून एका मच्छीमार होडीत दाटीवाटीने चढले. होडी उलटली आणि शंभरच्या आसपास माणसे बुडाली, त्यांत लहान मुले कितीतरी. त्या दिवशी वादळ आले नव्हते, गोळीही सुटली नव्हती.

यावर पहिला आक्षेप असा येईल की, गावे जाळणाऱ्यांसमोर नाले आणि ओळखपत्रे घेऊन काय करायचे? आधी बंदूक लागतेच. हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. जुलै २०२१ मध्ये रवांडाचे सैन्य उतरले आणि महिनाभरात मोसिंबोआ दा प्राया परत मिळाले; मोझांबिकच्या सैन्याला ते वर्षभर जमले नव्हते. पण पुढे काय झाले तेही पाहावे. पाल्मा आणि अफुंगीच्या नैसर्गिक वायूच्या प्रकल्पाभोवतीचा पहारा मजबूत झाला, तशा बंडखोरांच्या टोळ्या दक्षिणेकडे सरकल्या, नव्या गावांतून नवी माणसे पळाली आणि पुन्हा पेंबासारख्या शहरांच्या दारात आली. सैन्याने मिळवून दिलेली उसंत वापरायची कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. त्या उसंतीत शाळा, दाखले आणि पाणी पोहोचले नाही, तर तोच मुलूख पुन्हा पुन्हा जिंकावा लागतो.

दुसरा आक्षेप गरिबीचा. एवढा गरीब देश, काही भाग समुद्रसपाटीच्याही खाली असलेले बैरासारखे शहर. त्यापेक्षा माणसेच हलवावीत, असे सुचवले जाते. पण बैरा वसले आहे ते बंदरामुळे. झिंबाब्वे आणि मलावीचा माल तिथून जातो, आणि रोजची कमाई जिथे असते तिथेच माणूस परततो. शहर हलत नाही, हे धरूनच चालावे लागते. शिवाय थोड्या पैशात काय होते हे याच शहराने दाखवले आहे. दिवंगत महापौर दाव्हिझ सिमांगो विरोधी पक्षाचे होते, तरी त्यांच्या कारकिर्दीत शिवेवे नदीचे पात्र मोकळे केले गेले आणि जागतिक बँकेच्या पैशातून कालव्यांची दुरुस्ती झाली. ‘इडाई’त शहरात पाणी शिरले, पण जिथे हे काम झाले होते तिथले पाणी लवकर ओसरले. वादळानंतर पटकी फैलावली तेव्हा काही दिवसांत सुमारे आठ लाख लोकांना लस दिली गेली; रुग्ण हजारोंनी झाले, पण मृत्यू मोजकेच राहिले. गावोगावच्या आपत्ती समित्या रेडिओ, भोंगे आणि रंगीत झेंडे घेऊन इशारा पोहोचवतात. यातले काहीच गस्ती नौकांइतके महाग नाही.

हा प्रश्न भारतासाठी परका नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालत असे. आज तिथली तूर आपल्या बाजारात येते. ‘इडाई’नंतर बैराला सर्वात आधी पोहोचलेल्या परदेशी मदतीत भारतीय नौदलाची जहाजे होती. आणि ज्या अफुंगी प्रकल्पाचे काम पाल्मावरच्या मार्च २०२१ च्या हल्ल्यानंतर साडेचार वर्षे अडकून पडले, त्यात भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे. मुंबईत मुख्यालय असलेली भारत पेट्रोलियम त्यांपैकी एक. म्हणजे तिथल्या वायूतून आपल्याला नफा हवा आहे, तेव्हा त्या किनाऱ्यावरच्या माणसांची जबाबदारीही काही अंशी आपली आहे. मोझांबिकच्या संसदेने डिसेंबर २०२३ मध्ये सार्वभौम निधीचा कायदा केला. त्यानुसार पहिली पंधरा वर्षे वायूच्या सरकारी उत्पन्नातले ४० टक्के निधीत आणि ६० टक्के अर्थसंकल्पात जातील. त्या ६० टक्क्यांतला ठरावीक हिस्सा थेट किनाऱ्यावरच्या नगरपालिकांना, नाले, पाणी आणि जन्मदाखल्यांसाठी, खर्चाचा हिशेब वस्तीत फलकावर लावण्याच्या अटीसह मिळावा, ही मागणी तिथल्या नागरी संघटनांनी लावून धरायला हवी. दिल्लीनेही भागीदार म्हणून तिला पाठिंबा द्यावा. आणि प्रकल्पाच्या कुंपणासाठी पहारा मागताना पेंबाच्या पाकितेकेतेत नाला कधी होणार, हे त्याच बैठकीत विचारावे.